खुर्चीत बसणाऱ्याच्या ‘नाही’ला कंत्राटात जागा द्या

प्रति,
परदेशातील हवाई टेहळणीची कंत्राटे देणारे पेंटॅगॉनमधील अधिकारी, ती घेणाऱ्या कंपन्यांचे संचालक आणि त्या खर्चाला मंजुरी देणारे अमेरिकी काँग्रेसचे सदस्य यांस,



२००२ साल संपत आले असताना कोलंबियात टेहळणीचे विमान उडवणाऱ्या दोन कंत्राटी वैमानिकांनी आपल्या कंपनीला लागोपाठ दोन पत्रे लिहिली. म्हणणे सरळ होते. ज्या सेस्ना कॅरॅव्हानमधून तुम्ही आम्हाला अँडीजच्या डोंगरांवर आणि फार्क बंडखोरांच्या जंगलावर पाठवता, तिला एकच इंजिन आहे. ते बंद पडले तर उतरायला जागा नाही, आणि कुठे उतरलोच तर तिथे बंडखोर आहेत. दोन इंजिनांचे विमान द्या.

विमान बदलले नाही. १३ फेब्रुवारी २००३ रोजी बोगोटाहून निघालेल्या कॅरॅव्हानचे इंजिन काकेता प्रांतात बंद पडले. वैमानिकाने ती डोंगरातल्या एका मोकळ्या तुकड्यावर कशीबशी टेकवली आणि आतले पाचही जण जिवंत राहिले. चार अमेरिकी होते, एक कोलंबियाच्या सैन्यातला सार्जंट. वैमानिकाला आणि सार्जंटला बंडखोरांनी गोळ्या घातल्या, उरलेल्या तिघांना जंगलात नेले. २५ मार्चला त्यांचा शोध घेणारी दुसरी कॅरॅव्हान कोसळली आणि आणखी तीन अमेरिकी गेले. तीही एकाच इंजिनाची होती. जंगलातले तिघे १,९६७ दिवस कैदेत राहिले. २ जुलै २००८ रोजी कोलंबियाच्या सैन्याने ‘ऑपरेशन हाके’मध्ये ओलीस असलेल्या कोलंबियाच्या नेत्या इंग्रिद बेतांकूर आणि इतर अकरा जणांसोबत त्यांना सोडवून आणले.

कंत्राट अमेरिकेच्या सदर्न कमांडचे होते आणि ते नॉर्थ्रॉप ग्रमनच्या एका उपकंपनीकडे होते. हे सारे वर्तमानपत्रांत आले आहे, काही कोर्टातही गेले. इतकी जुनी गोष्ट मी पुन्हा काढतो आहे, कारण त्या दोन पत्रांचा प्रश्न अजून तसाच पडून आहे. धोका ज्याच्या अंगावर येणार आहे त्याने लिहिलेले पत्र वाचणे, त्याला उत्तर देणे आणि उत्तर मिळेपर्यंत विमान जमिनीवर ठेवणे कोणाच्या कर्तव्यात बसते? माझ्या अनुभवाने सांगतो, कोणाच्याच नाही.

मी मूळचा साताऱ्याचा. शिक्षणासाठी अमेरिकेत गेलो, तिथलाच नागरिक झालो, छोटी मालवाहू विमाने उडवली आणि पुढे काही वर्षे किंग एअर या दोन इंजिनांच्या विमानावर कंत्राटी टेहळणीचे काम केले. आई गावात सांगायची, मुलगा सर्व्हे करतो, जमिनीचे नकाशे काढतो. मी तिला दुरुस्त केले नाही, कारण याहून जास्त सांगायची मला मुभा नव्हती. हेच पत्र इंग्रजीत तुमच्याकडे स्वतंत्र पाठवले आहे. मराठीत छापायला देतो आहे ते इथल्या आईवडिलांसाठी. आमच्या भागातली मुले टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोनात विमान शिकतात, त्यातली काही तिथेच नागरिक होतात. उड्डाणाचे तास जमवायच्या धडपडीत एक दिवस त्यांच्यासमोरही हे काम येते. दोन महिने परदेशी, दोन महिने घरी, आणि एअरलाइनच्या नव्या फर्स्ट ऑफिसरपेक्षा बरे पैसे. घरच्यांनी काय विचारायचे, ते त्यांना माहीत असावे.

कामाचे स्वरूप आधी सांगतो, कारण मंजुरी देणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते जवळून पाहिले असेल. बाहेरून आमचे विमान एखाद्या कारखानदाराच्या खासगी विमानासारखे दिसते. पांढरा रंग, शेपटावर नागरी नोंदणीचा क्रमांक. पोटाखाली मात्र कॅमेऱ्याचा गोल डोळा असतो, वर अँटेना, आणि आत प्रवाशांच्या खुर्च्यांच्या जागी पडदे लावलेली रॅक. मागे सेन्सर ऑपरेटर बसतात, पुढे आम्ही दोघे. ठरलेल्या ठिकाणी पोचलो की चार-चार, पाच-पाच तास एकाच दिशेला वळत राहायचे. वारा विमानाला ढकलत असतो आणि खालचे घर, रस्ता किंवा गाडी चौकटीतून सुटता कामा नये. हे काम कंटाळवाणे आहे असे लोक समजतात. तसे ते नाही. इंधन, वारा, ढग, खालून होऊ शकणारा मारा, रेडिओवरचे तीन आवाज आणि परतीच्या धावपट्टीवरची धूळ, सगळ्यांचा हिशेब एकाच वेळी डोक्यात चालू असतो. मागच्या पडद्यावर नेमके काय दिसते आहे हे आम्हाला अर्धेमुर्धेच कळते. त्या चित्राचे पुढे काय होणार हे तर मुळीच नाही.

आता वजनाचे पाहा. साधी किंग एअर ३५० जास्तीत जास्त १५,००० पौंडांवर उड्डाण करते. लांब पल्ल्याच्या प्रकाराला १६,५०० पौंडांची परवानगी आहे. कॅमेरा, रॅक, अँटेना, माणसे आणि इतके तास फिरण्याचे इंधन धरले की आम्ही त्या शेवटच्या आकड्याला टेकूनच निघतो. पहाटेच्या गारव्यात ते निभावते. वाळवंटातल्या दुपारी उंचावरच्या तळावरून तेच वजन घेऊन निघालात आणि चाके उचलताच एक इंजिन गेले, तर उरलेले इंजिन विमानाला किती वर नेईल हा पुस्तकातला तक्ता असतो. धावपट्टीच्या टोकाला डोंगर किंवा वस्ती असली की त्या तक्त्यातली एकेक ओळ आम्ही पुन्हा पुन्हा वाचतो. दोन इंजिने असली म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. कोलंबियातल्या वैमानिकांनी जे मागितले होते ते त्यातले किमान होते.

आफ्रिकेतल्या एका तळावर असताना मी आणि माझ्या एका सहकाऱ्याने हेच लिहून दिले. उड्डाण पहाटे ठेवा, नाहीतर इंधन कमी भरून एक तास आधी परत येऊ द्या. सोबत तक्ता जोडला, तापमानाच्या नोंदी जोडल्या. आमच्या धंद्यात सरकारला ‘कस्टमर’ म्हणतात. उत्तर तोंडी आले: कस्टमरला दुपारचीच वेळ हवी आहे आणि तासही पूर्ण हवे आहेत. कस्टमरपर्यंत आमचा कागद पोचला होता का, हे विचारल्यावर कोणी काही बोलले नाही. माझा सहकारी माझ्यापेक्षा जास्त बोलला होता. पुढच्या रोटेशनच्या, म्हणजे परदेशातल्या पुढच्या पाळीच्या, यादीत त्याचे नाव नव्हते. त्याला कोणी काढून टाकले नाही, फक्त बोलावले नाही. कंत्राटी माणसाला शिक्षा करायला याहून जास्त काही लागत नाही, आणि याचा कुठे कागदही उरत नाही.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेच्या हवाई नियमांत विमानाच्या कप्तानाला अंतिम अधिकार दिलेला आहे. दिलेला आहे. पण कंत्राटात दुसरे कलम असते: सरकारी कंत्राट अधिकाऱ्याने सांगितले तर कंपनीने त्या माणसाला हटवून दुसरा द्यायचा. कप्तानाचा अधिकार एका उड्डाणापुरता, हे कलम त्याच्या पोटापाण्यावर. तक्रार करणाऱ्या कंत्राटी कामगाराचा सूड घेऊ नये असा कायदाही आहे, हे मी मान्य करतो. तो चांगला कायदा आहे. पण त्याखाली दाद मागायची ती घरी पाठवल्यानंतर, इन्स्पेक्टर जनरलकडे, महिनोन्‌महिने. तोवर दुसरा वैमानिक त्याच खुर्चीत, त्याच दुपारी, त्याच वजनावर निघालेला असतो.

शिवाय आमच्या विमानावर नजर कोणाची, हेही धड ठरलेले नसते. सरकारी कामाचे उड्डाण ‘सार्वजनिक विमान’ ठरले की नागरी हवाई खात्याचे बरेचसे नियम मागे पडतात आणि जबाबदारी काम देणाऱ्या खात्यावर जाते. खाते म्हणते, विमान कंपनीचे आहे, वैमानिक कंपनीचे आहेत. १९४४ चा शिकागो करार नागरी विमानांपुरता. लष्करी, पोलिसी, जकातीच्या कामावरचे विमान त्यातून वगळलेले. म्हणजे शेपटावरचा क्रमांक नागरी, काम लष्करी, आणि अपघात झाला की यातली कोणती बाजू पुढे करायची हे सोयीने ठरते.

२४ ऑक्टोबर २०१६ ला माल्टाच्या विमानतळावर टेहळणीवर निघालेली एक मेट्रोलायनर उड्डाण करताच कोसळली आणि पाच फ्रेंच माणसे गेली. सुरुवातीला सांगण्यात आले, हे युरोपच्या सीमारक्षक यंत्रणेचे विमान. त्या यंत्रणेने नाकारले. मग फ्रेंच जकात खात्याचे म्हटले गेले. त्यांनीही आपली माणसे नसल्याचे सांगितले. शेवटी फ्रान्सच्या संरक्षण मंत्रालयाने मान्य केले की मृतांपैकी तिघे आपले आणि दोघे लक्झेंबर्गमधल्या कंत्राटी कंपनीचे. पाच घरांत बातमी पोचत असताना ती माणसे कोणासाठी गेली हेच ठरत नव्हते. हा तुमच्या देशातला अपघात नाही हे मला कळते. पण धंदा तोच, पद्धत तीच.

पेरूची घटना तर मी प्रत्येक नव्या वैमानिकाला सांगत आलो. २० एप्रिल २००१. अमली पदार्थांची विमाने हेरण्यासाठी सीआयएच्या कामावर असलेल्या सायटेशन विमानात अमेरिकी कंत्राटी वैमानिक होते आणि त्यांच्यासोबत पेरूचा एक अधिकारी. त्यांना ॲमेझॉनवर एक लहान पाणविमान दिसले. पेरूच्या लढाऊ विमानाला त्यांनीच वाट दाखवली. पण पुढे त्या अमेरिकी वैमानिकांना शंका येऊ लागली. हे तस्करांचे विमान वाटत नाही, असे ते बोलत राहिले. ध्वनिमुद्रणात ते ऐकू येते. एकीकडे इंग्रजी, दुसरीकडे स्पॅनिश, आणि गोळीबार थांबवायचा हुकूम त्यांच्या हातात नव्हता. विमान मिशनऱ्यांचे निघाले. एक आई आणि तिची सात महिन्यांची मुलगी त्यात मेली. मी त्या कंत्राटी वैमानिकांना निर्दोष ठरवत नाही. पण त्यांच्या शंकेला थांबवण्याची ताकद दिलेली असती, तर ती आई आणि मूल वाचण्याची संधी होती. वैमानिकाच्या ‘नाही’ला अधिकार मागतो तेव्हा मी केवळ आमच्या जिवाचे बोलत नाही. कॅमेऱ्याच्या टोकाला जे असतात, त्यांच्याही जिवाचे बोलतो.

आता निविदेकडे येतो. दर काही वर्षांनी कंत्राट पुन्हा बोलीला निघते. अनेकदा तांत्रिक अटी जेमतेम पुऱ्या करणाऱ्यांत ज्याची किंमत सर्वांत कमी, त्याला ते मिळते. मग काय होते, ते हँगरमध्ये उभे राहून पाहा. विमाने बहुतेक तीच, मेकॅनिक तेच, वैमानिक तेच. फक्त गळ्यातले ओळखपत्र बदलते आणि दिवसाचा दर घसरतो. आधीच्या कंपनीला लिहून दिलेल्या तक्रारी आधीच्या कंपनीसोबत जातात. नवी म्हणते, आम्हाला काही माहीत नाही. कोलंबियातही पहिल्या अपघातानंतर वैमानिकांचे काम एका नव्याने उभ्या केलेल्या छोट्या कंपनीकडे वळवले गेले होते. दुसरी कॅरॅव्हान कोसळली तेव्हा त्यांचा मालक कागदोपत्री बदललेला होता. यावर मला संताप येतो आणि तो मी लपवणार नाही. धोक्याची नोंद विमानासोबत जायला हवी. मोटार विकतानासुद्धा तिची कागदपत्रे सोबत देतात.

५ जानेवारी २०२० ला केनियातल्या मांडा बे तळावर पहाटे अल-शबाबच्या अतिरेक्यांनी हल्ला केला. धावपट्टीकडे निघालेल्या टेहळणीच्या डॅश-८ विमानावर रॉकेट आदळले. दोन कंत्राटी वैमानिक जागीच गेले. एक अमेरिकी सैनिकही त्या दिवशी मेला. मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेल्या चौकशीत तळाच्या सुरक्षेतली ढिलाई, तयारीतल्या उणिवा आणि बेफिकिरी स्पष्ट नोंदवली आहे. तळाभोवतीचे कुंपण, पहारा, गस्त यांपैकी काहीही त्या वैमानिकांच्या किंवा त्यांच्या कंपनीच्या हातात नव्हते. ते तुमच्या भरवशावर विमानात बसले होते.

६ फेब्रुवारी २०२५ ला फिलिपिन्सच्या मागिंदानाओ देल सुर प्रांतात अम्पातुआनजवळच्या शेतात टेहळणीची किंग एअर पडली. एक मरीन आणि तीन कंत्राटी कर्मचारी, चौघेही गेले. जगभर एक दिवस बातमी चालली. त्या प्रदेशातल्या कमांडने पत्रक काढले. माझ्या ओळखीच्या बहुतेक वैमानिकांनी ती बातमी वाचून आधी एकमेकांना फोन केले, मग बायकांना.

एरवी आमच्या मृतांची मोजदाद कुठे होते? सैनिक पडला की संरक्षण खाते नाव आणि गाव जाहीर करते. आम्ही पडलो की विम्याचा दावा दाखल होतो. १९४१ च्या डिफेन्स बेस ॲक्टखाली परदेशी काम करणाऱ्या प्रत्येक कंत्राटी कामगाराचा विमा मालकाने उतरवायचा असतो, आणि अशा दाव्यांचे आकडे अमेरिकेचे कामगार खाते प्रसिद्ध करते. ही मृत्यूंची संपूर्ण आकडेवारी मानू नका, असेही तेच खाते सांगते. म्हणजे युद्धात माणसे किती गेली हे शोधायला कामगार खात्यातले विम्याचे तक्ते चाळायचे! मेलेल्याच्या पत्नीला सरासरी साप्ताहिक पगाराचा अर्धा भाग मिळतो, मुले असल्यास दोन-तृतीयांशापर्यंत. तेही विमा कंपनीने दावा मानला तर. २००९ मध्ये प्रोपब्लिका ही वृत्तसंस्था आणि लॉस एंजेलिस टाइम्स हे वृत्तपत्र यांनी जखमी कंत्राटी कामगारांचे दावे कसे अडवले जातात हे पुराव्यांनिशी मांडले, त्यावर काँग्रेसमध्ये सुनावणी झाली. सैनिकांसाठीच्या सरकारी इस्पितळांचे दार केवळ कंत्राटी कामामुळे आम्हाला उघडत नाही. आणि पुन्हा पुन्हा तेच दृश्य डोळ्यांपुढे येऊन झोप उडालेला वैमानिक डॉक्टरकडे जायला घाबरतो, कारण निदान झाले की त्याचा वैद्यकीय दाखला अडकतो, आणि दाखला अडकला की पुढची रोटेशन गेली.

चांगले पैसे मिळतात, बळजबरी कोणी केली नाही, असे तुमच्यापैकी काही जण म्हणतात. खरे आहे, मी स्वखुशीने गेलो. कामाची किंमत मला पटली होती. हरवलेल्या गस्ती तुकडीला वरून वाट दाखवणे, रस्त्यात पुरलेले स्फोटक वेळेत हेरणे, हे मी पाहिले आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण पैसे मी माझ्या तासांचे आणि माझ्या कौशल्याचे घेतले. मला दिसलेला धोका गिळून टाकण्याचे घेतले नाहीत. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात सैन्यासोबत असलेल्या लष्करी विमानांच्या नागरी कर्मचाऱ्यांचा नावानिशी उल्लेख आहे. ते पकडले गेले तर युद्धकैदी ठरतात आणि त्यांना ओळखपत्र द्यायचे असते. पाऊणशे वर्षांपूर्वीच्या त्या लोकांना आम्ही कोण आहोत हे माहीत होते. तुमच्या कंत्राटात ते दिसत नाही.

म्हणून मागणे मांडतो. वैमानिकाने, मेकॅनिकने किंवा सेन्सर ऑपरेटरने सुरक्षेविषयी लिहिलेला कागद कंपनीच्या टेबलावर थांबू नये; त्याची प्रत त्याच दिवशी सरकारी कंत्राट अधिकाऱ्याकडे आणि लष्कराच्या हवाई सुरक्षा विभागाकडे जावी. नाव घालून, सही करून कोणीतरी उत्तर द्यावे, आणि उत्तर येईपर्यंत त्या प्रकारचे उड्डाण थांबावे. काम तातडीचे आहे म्हणून थांबता येत नसेल, तर ‘धोका वाचला, तरी पाठवतो’ असे लिहून देणारा अधिकारी समोर यावा. उड्डाण नाकारलेल्याला पुढच्या यादीतून वगळले, तर कारण लेखी द्यावे. कंत्राट बदलले तरी त्या विमानाच्या, त्या तळाच्या साऱ्या तक्रारी नव्या कंपनीला बोली लावण्याआधी वाचायला मिळाव्यात. त्यांची किंमत निविदेत धरली गेली, तर सर्वांत स्वस्त बोली कदाचित स्वस्त उरणार नाही. ते बरेच होईल.

आणि मृतांची नावे, घरच्यांची हरकत नसेल तर, सैनिकांच्या नावांसोबत जाहीर करावीत. विमानात बसणाऱ्या स्थानिक देशाच्या माणसाचेही नाव त्यात असावे. काकेतात मारला गेलेला तो सार्जंट कोणाच्या विम्यात बसत होता, हा प्रश्न मी अनेक मीटिंगांत विचारला आहे.

काँग्रेसच्या सदस्यांना वेगळे सांगतो. पुढच्या संरक्षण खर्चाच्या विधेयकात यातले पहिले मागणे कलम म्हणून घालायला नवा पैसा लागत नाही. सुनावणी ठेवलीत तर मी साक्ष देईन, आमच्या पत्राची प्रत आणि तापमानाच्या नोंदी सोबत आणीन. ज्याला पुढच्या रोटेशनला बोलावले नाही तो सहकारीही यायला तयार आहे. तारीख कळवावी.

आपला,
एक माजी कंत्राटी टेहळणी वैमानिक
मूळ गाव सातारा, हल्ली मुक्काम टेक्सास